कण्याचे शास्त्र आणि शब्दांचे कवच

व्यवसायांचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणी काय शोधले, त्यातून कोणते तंत्र निघाले, त्या तंत्राभोवती संस्था कशा उभ्या राहिल्या, असा त्याचा क्रम असतो. कायरोप्रॅक्टिक या अमेरिकेत जन्मलेल्या उपचारपद्धतीचा इतिहास या क्रमात नीट बसत नाही. पाठीच्या कण्यावर हातांनी नेमका दाब वा झटका देऊन दुखणे घालविण्याचा हा व्यवसाय सव्वाशेहून अधिक वर्षे टिकून आहे. या काळात त्याच्यावर खटले झाले, त्याने इतरांवर खटले भरले, आणि त्यांतल्या महत्त्वाच्या खटल्यांत वादाच्या मुळाशी एखादा शब्द होता. वैद्यकाचे जाणकार नसूनही, केवळ भाषेचे वाचक या नात्याने आम्ही या इतिहासाकडे वळलो ते यामुळेच. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्या शब्दांनी या व्यवसायाला तुरुंगापासून वाचविले त्याच शब्दांनी पुढे त्याला परीक्षेपासूनही दूर ठेवले. आणि परीक्षेची वेळ आली तेव्हा ते शब्द उतरवून ठेवणे त्याला जड गेले.

१

हातांनी सांधे बसविण्याची विद्या पुरातन आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांत कण्यावर दाब देण्याच्या रीती वर्णिलेल्या आहेत. इंग्लंडात हाडे बसविणाऱ्यांची घराणी होती. आपल्याकडे हाडवैद्य आहेत. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यावा, ही समजूत महाराष्ट्रात अनेकांनी ऐकलेली असेल. या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. दुखते पाठ आणि उपचार होतो पाठीवरच. उसण काढणाऱ्या पायाळूने बहिरेपणा घालविण्याचा दावा कधी केला नाही.

कायरोप्रॅक्टिकचा आरंभ मात्र नेमक्या याच दाव्यापासून होतो. डॅनियल डेव्हिड पामर यांचा जन्म १८४५ साली कॅनडात, टोरांटोजवळ झाला. अमेरिकेत आल्यावर त्यांनी शाळेत शिकविले, मधमाश्या पाळल्या, किराणा दुकान चालविले, आणि पुढे आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट गावी 'चुंबकीय' उपचारांचा व्यवसाय मांडला. त्यांचा दवाखाना ज्या इमारतीत होता तेथेच साफसफाईचे काम पाहणारे हार्वी लिलार्ड हे कृष्णवर्णीय गृहस्थ सतरा वर्षांपासून बहिरे होते. पामर यांनी त्यांच्या पाठीतील एक उंच आलेला मणका दाबून जागेवर बसविला आणि लिलार्ड यांना पुन्हा ऐकू येऊ लागले, अशी मूळ कथा आहे. तिची तिथी १८ सप्टेंबर १८९५ ही मानली जाते.

प्राचीन काव्यांच्या पोथ्या हाताळणाऱ्यांना या कथेतील पाठभेद मनोरंजक वाटतील. पामर यांचा सुमारे हजार पानांचा ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला. त्यात हा प्रसंग हेतुपूर्वक केलेल्या उपचाराच्या रूपात येतो. त्यांच्याच १८९७ सालच्या पत्रकात छापलेल्या लिलार्ड यांच्या निवेदनात उपचाराचा महिना सप्टेंबर नसून जानेवारी आहे. लिलार्ड यांच्या कन्येने पुढे सांगितलेल्या आठवणीत तर उपचारच नाही: वडील एका मित्राला विनोद सांगत होते, तो ऐकून पामर खूश झाले, त्यांनी हातातल्या जाड पुस्तकाने वडिलांच्या पाठीत थाप मारली, आणि काही दिवसांनी वडिलांना बरे ऐकू येऊ लागले. यांपैकी कोणता पाठ मूळचा, हे ठरविणे आता शक्य नाही. शरीरशास्त्रज्ञांनी घेतलेला आक्षेप मात्र पाठभेदांवर अवलंबून नाही. श्रवणाची मज्जा कवटीतल्या कवटीत मेंदूला जाऊन मिळते; ती पाठीच्या कण्यातून जात नाही.

या उपचाराला नाव दिले ते पामर यांचे रुग्ण आणि धर्मोपदेशक सॅम्युएल वीड यांनी. 'हात' आणि 'कृती' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यांनी 'कायरोप्रॅक्टिक' हा शब्द घडविला. येथे एक व्युत्पत्तीची गंमत नोंदविण्यासारखी आहे. शस्त्रक्रियेला इंग्रजीत जो 'सर्जरी' शब्द आहे, तोही ग्रीकमधील 'हाताचे काम' या अर्थाच्या समासापासूनच आलेला आहे. व्युत्पत्तीने ही दोन नावे सख्खी भावंडे ठरतात. प्रत्यक्षात दोन्ही घराण्यांनी शतकभर एकमेकांचे तोंड पाहिले नाही.

नावापाठोपाठ सिद्धान्त आला. शरीरात एक जन्मजात प्रज्ञा वास करते, ती मज्जातंतूंच्या वाटेने सर्व अवयवांना चालविते, आणि मणका किंचित जागचा हलला की ही वाट अडून रोग होतो, असे पामर यांचे प्रतिपादन होते. या किंचित हलण्याला 'सबलक्सेशन' हे नाव रूढ झाले. शब्द जुन्या वैद्यकातलाच होता. सांधा अर्धवट निखळणे हा त्याचा अर्थ. परंतु जुन्या वैद्यकात ते एका सांध्याचे दुखणे होते. पामर यांच्या हाती ते जवळजवळ सर्व रोगांचे मूळ बनले. शब्दाचे बाह्यरूप जसेच्या तसे राहिले आणि आशय पार बदलला. असे उसने शब्द नव्या शब्दांहून अधिक फसवे असतात, कारण त्यांची ओळख आपल्याला आधीच पटलेली असते.

२

१९०६ साली परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल पामर दोषी ठरले. दंड भरण्यास नकार देऊन ते काही काळ तुरुंगात राहिले आणि मग दंड भरून सुटले. त्याच सुमारास त्यांच्या शाळेची सूत्रे पुत्र बार्टलेट जोशुआ पामर यांच्या हाती गेली. पितापुत्रांत पुढे तीव्र वितुष्ट आले आणि ते १९१३ साली पित्याच्या मृत्यूपर्यंत टिकले.

खरी कसोटी लागली ती १९०७ साली विस्कॉन्सिन राज्यातील ला क्रॉस येथे. शेगेतारो मोरिकुबो या जपानी वंशाच्या कायरोप्रॅक्टरवर परवान्याविना ऑस्टिओपॅथी केल्याचा आरोप होता. ऑस्टिओपॅथी ही अँड्र्यू टेलर स्टिल यांची, हातांनीच करावयाची, थोडी आधीची पद्धती. तिची पहिली शाळा १८९२ साली मिसुरीत निघाली होती. हात तेच, पाठ तीच, मग भेद कोणता? बचावाचे वकील टॉम मॉरिस यांनी भेद दाखविला तो कृतीत नव्हे, तत्त्वज्ञानात. ऑस्टिओपॅथी रक्ताभिसरणाला प्रधान मानते, कायरोप्रॅक्टिक मज्जातंतूंना. म्हणून हे शास्त्र, ही कला आणि हे तत्त्वज्ञान सर्वस्वी निराळे आहे. पुराव्यादाखल त्यांनी १९०६ साली प्रसिद्ध झालेला सोलन लँगवर्दी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा ग्रंथ पुढे केला. हे लँगवर्दी धाकट्या पामर यांचे प्रतिस्पर्धी होते. प्रतिस्पर्ध्याचा ग्रंथ उपयोगी पडला आणि मोरिकुबो निर्दोष सुटले. कायरोप्रॅक्टिकचे 'तत्त्वज्ञान' म्हणून जे पुढे पूजिले गेले त्याची घडण बऱ्याच अंशी या न्यायालयीन गरजेतून झाली, असे या व्यवसायाच्या इतिहासकारांनी दाखविले आहे.

या विजयाने एक परिभाषाच जन्माला घातली. कायद्याने 'उपचार' करण्यास मनाई होती, म्हणून कायरोप्रॅक्टर 'समायोजन' करू लागला. 'निदान' हा डॉक्टरांचा अधिकार, म्हणून तो 'विश्लेषण' करू लागला. क्ष-किरणांनी घेतलेल्या कण्याच्या चित्राला 'स्पायनोग्राफ' म्हटले जाऊ लागले. हा शब्दांचा छंद नव्हता. एकेका शब्दामागे दंड आणि कोठडी उभी होती. थोरल्या पामर यांनी तर १९११ सालच्या एका पत्रात हा व्यवसाय धर्माच्या आश्रयाला नेण्याचाही विचार बोलून दाखविला होता. धर्माला कायद्याचे जे अभय होते ते या शास्त्रालाही लाभावे, हा त्यामागचा एक हेतू होता. शेवटी मार्ग निघाला तो परवान्यांचा. १९१३ साली कॅन्ससने पहिला कायदा केला, १९२२ साली कॅलिफोर्नियात जनमताने तो झाला, आणि १९७४ साली लुइझियाना हे अखेरचे राज्यही यादीत आले.

धाकटे पामर हे जाहिरातीच्या युगाचे खरे अपत्य होते. शाळेचा छापखाना, व्याख्याने, १९२२ सालापासून डॅव्हनपोर्टचे नभोवाणी केंद्र, या सर्वांचा त्यांनी प्रचारासाठी उपयोग केला. १९२४ साली त्यांनी कण्यालगतच्या तापमानातील फरक टिपणारे एक यंत्र पुढे आणले, ते मोठ्या रकमेच्या भाड्याने देऊ केले, आणि त्याच्यावाचून खरे कायरोप्रॅक्टिक संभवत नाही असा आग्रह धरला. त्यावरून त्यांचेच नामवंत अध्यापक शाळा सोडून गेले व १९२६ साली त्यांनी इंडियानापोलिस येथे वेगळे महाविद्यालय काढले. केवळ कणा आणि केवळ हात असे मानणारे 'शुद्ध' आणि इतर उपचारांची जोड देणारे 'मिश्र' हे दोन तट तर त्याआधीपासूनच पडले होते. आपल्याकडील संप्रदायांचा इतिहास वाचलेल्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. मूळ शब्दाशी निष्ठा की अनुभवाशी, हा वाद प्रत्येक संप्रदायात केव्हातरी उभा राहतोच.

३

वैद्यकानेही शब्दांचेच शस्त्र उपसले. अमेरिकन वैद्यकीय संघटनेने १९६३ साली भोंदूगिरीविरुद्ध एक समिती नेमली. कायरोप्रॅक्टिकला आवर घालणे आणि अखेर तो व्यवसाय नाहीसा करणे हे तिचे उद्दिष्ट होते. १९६६ साली संघटनेने कायरोप्रॅक्टिक हा 'अवैज्ञानिक पंथ' असल्याचा ठराव केला. हे केवळ मतप्रदर्शन नव्हते. अवैज्ञानिक पद्धतीने काम करणाऱ्याशी डॉक्टरने व्यावसायिक संबंध ठेवू नयेत, असा नियम संघटनेच्या आचारसंहितेत होता. त्यामुळे एकदा 'पंथ' हा शब्द चिकटला की कायरोप्रॅक्टरकडे रुग्ण पाठविणे, त्याने पाठविलेला रुग्ण घेणे, त्याच्यासाठी क्ष-किरण चित्र काढून देणे, त्याच्या महाविद्यालयात शिकविणे, हे सारेच आचारभंगात जमा होई. एका शब्दाने बहिष्कार सिद्ध झाला.

समितीची अंतर्गत कागदपत्रे सत्तरीच्या दशकात बाहेर आली आणि १९७६ साली चेस्टर विल्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा गुदरला. १९८१ साली ज्यूरीने संघटनेच्या बाजूने कौल दिला. वरिष्ठ न्यायालयाने १९८३ साली तो फिरवून नव्याने सुनावणी घेण्यास सांगितले. २७ ऑगस्ट १९८७ रोजी न्यायमूर्ती सुझन गेट्झेंडॅनर यांनी निर्णय दिला, की संघटनेने बेकायदा बहिष्कार घातला होता. वरिष्ठ न्यायालयाने १९९० साली तो कायम केला.

कायरोप्रॅक्टिकच्या प्रचारसाहित्यात या निकालाचे वर्णन नेहमी पूर्ण विजय असे केले जाते. निकालपत्र वाचले तर ते अधिक सूक्ष्म आहे असे दिसते. रुग्णांच्या उपचारांतील वैज्ञानिकतेविषयी संघटनेला वाटणारी आस्था खरी होती, हे न्यायमूर्तींनी मान्य केले; पण ती आस्था बहिष्कारावाचूनही, उदाहरणार्थ लोकशिक्षणाने, जपता आली असती, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरे असे, की कायरोप्रॅक्टिक परिणामकारक व वैज्ञानिक आहे असे न्यायालयाने जाहीर करावे, ही वादींची अपेक्षा त्यांनी स्पष्टपणे नाकारली. त्या प्रश्नाचे उत्तर नीट आखलेल्या, नियंत्रित वैज्ञानिक अभ्यासानेच मिळू शकेल; तसा अभ्यास झालेला नाही; आणि केवळ अनुभवकथांच्या आधारे आपण हो किंवा नाही म्हणणार नाही, ही त्यांची भूमिका होती. शब्दांच्या या प्रदीर्घ लढाईत न्यायालयाने पहिल्यांदाच शब्द खाली ठेवून मोजमापाकडे बोट दाखविले.

४

मोजमाप सुरू झाले. १९९० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मीड व सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कंबरदुखीच्या ७४१ रुग्णांची कायरोप्रॅक्टिक आणि रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग अशी विभागणी करण्यात आली होती. दीर्घकालीन वा तीव्र दुखण्यात कायरोप्रॅक्टिकच्या बाजूने फरक आढळला. टीकाकारांनी विचारले, की येथे तुलना दोन उपचारांची झाली की खासगी दवाखाना आणि सरकारी रुग्णालय या दोन वातावरणांची? प्रश्न रास्त होता. १९९८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. एकात कंबरदुखीसाठी कायरोप्रॅक्टिक, व्यायामप्रधान भौतिकोपचार आणि केवळ एक माहितीपुस्तिका यांची तुलना होती. पहिल्या दोहोंचा परिणाम सारखाच निघाला, आणि पुस्तिकेहून तो जेमतेमच सरस ठरला. दुसऱ्यात लहान मुलांच्या दम्यावर कण्याच्या उपचाराने काहीही अधिक लाभ आढळला नाही. २०१७ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्याच नियतकालिकात नव्या कंबरदुखीवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. हस्तोपचाराने वेदनेत शंभरांच्या मापपट्टीवर सुमारे दहांची घट, असे त्याचे तात्पर्य होते. ज्या संघटनेने कधी 'पंथ' म्हटले होते तिच्याच पानांवर हा माफक गुण नोंदला गेला.

मानेवरील झटक्याच्या उपचारानंतर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला आतून चीर जाऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदीही आहेत. झटक्याने चीर जाते, की आधीच चीर गेल्यामुळे मान दुखते आणि म्हणून रुग्ण उपचाराला येतो? कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या नोंदींवर आधारलेल्या २००८ सालच्या एका अभ्यासात असा संबंध साध्या डॉक्टरकडे गेलेल्यांतही आढळला आणि दुसऱ्या शक्यतेला बळ मिळाले. वाद त्यामुळे मिटलेला नाही. आणि तो मिटेपर्यंत रुग्णाला ही जोखीम आधी सांगणे हे कर्तव्यच ठरते.

या साऱ्याचा अर्थ काय? कंबरदुखीत थोडा लाभ, दम्यात शून्य. म्हणजे हात उरला, पण सर्व रोगांचे मूळ सांगणारा सिद्धान्त उरला नाही. पायाळूच्या समजुतीने आखलेली सीमा, की दुखते पाठ आणि उपाय पाठीवरच, अभ्यासाने जवळपास तशीच आखून दिली. मग 'सबलक्सेशन' हा शब्द अजून का टिकला? काही अंशी श्रद्धेने, आणि काही अंशी पैशाने. अमेरिकेच्या वृद्धांसाठीच्या सरकारी विम्यात १९७२ सालच्या कायद्याने कायरोप्रॅक्टिकचा समावेश झाला तो 'सबलक्सेशन दुरुस्त करण्यासाठी' या शब्दांत. ते क्ष-किरण चित्रात दिसले पाहिजे अशी अटही २००० सालापर्यंत होती. जी वस्तू आहे की नाही याविषयीच वाद, ती चित्रात दाखवा आणि पैसे घ्या, असा हा प्रकार झाला. १९९६ साली अमेरिकेतील कायरोप्रॅक्टिक महाविद्यालयांनी मिळून या शब्दाची नवी व्याख्या केली. ती इतकी ऐसपैस आहे की तिला खोटे ठरविणेच कठीण. या व्यवसायाचे साक्षेपी इतिहासकार जोसेफ कीटिंग यांनी २००५ साली सहकाऱ्यांसह लिहिलेल्या लेखात याच दुखण्यावर बोट ठेवले: गृहीतक म्हणून ही कल्पना मांडण्यास हरकत नाही, तपासल्याविना तिला सिद्धान्ताचा मान देणे हा दोष आहे. २०१० साली ब्रिटनच्या नियामक मंडळाने ही संकल्पना ऐतिहासिक असून ती रोगाचे कारण असल्यास संशोधनाचा आधार नाही, असे जाहीर केले.

५

त्याच वर्षी आणखी एका शब्दाचा निकाल लागला. विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी एप्रिल २००८ मध्ये 'गार्डियन'मधील लेखात मुलांचे पोटदुखणे, कानाचे विकार, दमा यांवरील कायरोप्रॅक्टिकच्या दाव्यांना 'बोगस' म्हटले. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक संघटनेने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा केला. मे २००९ मध्ये न्यायमूर्ती ईडी यांनी या शब्दाचा अर्थ 'जाणूनबुजून केलेली अप्रामाणिकता' असा लावला. सिंग यांचे म्हणणे होते, की आपण उपचाराला निराधार म्हटले, माणसांना लबाड म्हटले नाही.

मराठी वाचकाला येथे थबकावे लागेल. हा शब्द आपल्याकडेही रुळला आहे. बोगस बियाणे, बोगस मतदार, बोगस डॉक्टर या आपल्या प्रयोगांत फसवणुकीचा हेतू गृहीतच असतो; नुसत्या पोकळ गोष्टीला आपण बोगस म्हणत नाही. म्हणजे मराठी कानाला ईडी यांचा अर्थ अधिक जवळचा वाटेल. पण शब्दाचा अर्थ कोशात वा कानात ठरत नाही, संदर्भात ठरतो, हे साहित्याच्या वर्गात आपण रोज शिकवितो. १ एप्रिल २०१० रोजी अपील न्यायालयाने हेच केले. पुरावा नसल्याचे हे एका लेखकाचे मत आहे, असे मानून न्यायाधीशांनी वैज्ञानिक वादाची जागा न्यायालय नव्हे, असे बजावले. आणि तसे करताना गॅलिलिओच्या भेटीविषयी मिल्टनने १६४४ साली लिहिलेल्या उताऱ्याचे स्मरण केले. दोन आठवड्यांत संघटनेने दावा मागे घेतला. इंग्लंडमध्ये २०१३ साली अब्रुनुकसानीचा नवा कायदा झाला, त्यामागील चळवळीला या खटल्याने मोठे बळ दिले होते.

१९०७ आणि २०१० हे दोन खटले शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात एक परका, परवाना नसलेला माणूस शब्दांच्या आडोशाने तुरुंगातून वाचला. दुसऱ्यात त्याच व्यवसायाच्या प्रस्थापित संघटनेने शब्दाच्या आडोशाने एका लेखकाला गप्प करू पाहिले. पहिल्याविषयी आमच्या मनात सहानुभूती आहे, दुसऱ्याविषयी नाही. पण दोहोंतील नाते नाकारता येत नाही. कर्णाचे कवच अंगासहच आलेले होते. ते उतरवायचे तर कातडे सोलून काढावे लागले. या व्यवसायाचे कवच जन्मजात नव्हते, ते संकटात घडविलेले होते. दोन पिढ्यांत ते अंगाला इतके चिकटले की पुढच्यांना ते अंगच वाटू लागले. ज्या कायरोप्रॅक्टरांनी ते सोलून काढले आणि पाठ दुखणाऱ्या माणसाला आपण किती मदत करू शकतो, एवढाच प्रश्न मोजून पाहिला, त्यांचे काम आज वैद्यकाच्या नियतकालिकांत छापून येते. त्यांना 'पंथ' म्हणण्याचे कारण उरलेले नाही. दम्याने धापा टाकणाऱ्या मुलाला घेऊन 'समायोजना'साठी आलेल्या आईला मात्र अजूनही कोणीतरी सांगायला हवे, की या शब्दामागे तिच्या मुलासाठी काही नाही.